नाशिकच्या पेठ रोडवरच्या आमच्या शाळेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात फाटकाशी उभं राहून मी साधारण याच प्रश्नांची उत्तरं देत असते. कोणी मार्केट यार्डातला माल उतरवून घामेजलेला येतो, कोणी रिक्षा चालू ठेवूनच विचारतो, आणि नातवंडासाठी आलेले आजोबा तर एक प्रश्न तीन वेळा विचारतात. यंदा समितीतल्या एका आईनं सुचवलं, "बाई, एकदा लिहूनच ठेवा ना." म्हणून हे लिहिलं आहे. प्रश्न लोकांनी जसे विचारले तसेच ठेवले आहेत.

ही शाळा नक्की कोणाची? महापालिकेची, संस्थेची की सरकारची?

कागदावर ती वस्तीतल्या लोकांच्या छोट्या संस्थेची, खाजगी अनुदानित, मराठी माध्यमाची शाळा आहे. पहिली ते चौथी, आणि खाली बालवाडी. शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होतात. सुरुवात मात्र पत्र्याच्या शेडमध्ये झाली. भाजीबाजारातल्या हमालांनी आणि बांधकामावरच्या मिस्त्रींनी ती उभी केली, कारण पोरं रस्ता ओलांडून लांब पाठवायची त्यांना भीती वाटत होती.

रोजचा कारभार शाळा व्यवस्थापन समिती बघते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. बऱ्याच ठिकाणी ही समिती सहीपुरती असते. घरी रजिस्टर पाठवायचं, सही घ्यायची, विषय संपला. आमच्याकडेही काही वर्षं तसंच चाललं होतं, हे कबूल करते. बदल झाला तो कमानीवरून. कोणीतरी शाळेला देणगी दिली आणि पुरुष मंडळींनी रंगीत कमान करायचं ठरवलं. बैठकीला पहिल्यांदाच आलेल्या एका आईनं विचारलं, "मुलींच्या संडासात पाण्याची टाकी नाही, आणि कमानीखालून कोण जाणार, आमदार?" टाकी झाली, कमान अजून झालेली नाही. तेव्हापासून बैठका संध्याकाळी सहानंतर ठेवतो, म्हणजे बायकांचा रोज बुडत नाही.

प्रवेशाला मुलाखत असते का? मुलाची आणि आमची?

नाही. मुलांची किंवा पालकांची चाळणी लावायला कायद्यानंच बंदी आहे. तरी लोक पोराला "ए फॉर ॲपल" पाठ करून आणतात आणि ते बिचारं माझ्याकडे बघून रडायला लागतं. मी त्याला खडू देते आणि फळ्यावर हवं ते काढ म्हणते.

कागदपत्रं काय लागतात? जन्मदाखला नाही, चालेल का?

पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असावीत. जन्मदाखला असेल तर उत्तम. नसेल तर दवाखान्यातली किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरातली नोंद आणा, अंगणवाडीतली नोंद आणा, नाहीतर आई-वडिलांनी वयाबद्दल स्वतः लिहून दिलं तरी पुरे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेतून येत असाल तर दाखला लागतो, पण तो यायला उशीर होतोय म्हणून मुलाला घरी बसवू नका. आधी वर्गात बसवा, कागदाचं आपण नंतर बघू.

एक विनंती. जन्मतारीख "एक जून" लिहू नका. जुन्या पिढीतली अर्धी वस्ती एक जूनला जन्मलेली आहे, कारण तेव्हाच्या गुरुजींनी सोयीनं तीच लिहून टाकली. खरी तारीख आठवत नसेल तर आजीला विचारा. पोळ्याच्या आधी की नंतर, हे तिला नक्की आठवतं.

फी किती?

पहिली ते चौथी काहीच नाही. पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. बालवाडीला अनुदान नाही, तिचा खर्च संस्था आणि पालक मिळून करतात. ज्यांना पैसे देणं जमत नाही ते वस्तू किंवा हातकाम देतात. कोथिंबिरीचा भाव पडला की आमच्या खिचडीचा रंग हिरवा होतो, तो असा.

शाळा किती वाजता भरते?

सकाळी साडेनऊला. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारनं २०२४ मध्ये सांगितलं. काही पालकांची त्यावर तक्रार आहे, कारण ते पहाटे चारला मार्केटला जातात आणि मधले तास मुलं एकटी राहतात. म्हणून फाटक आम्ही आठला उघडतो. त्या वेळात कोणी शिकवत नाही. पुस्तकांची पेटी उघडी असते आणि एक मावशी असतात.

मराठी माध्यमात घातलं तर पोरगं मागे पडेल का? शेजारचे सगळे इंग्रजीत जातात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न. मी रागावत नाही, कारण विचारणाऱ्याला मुलाचं भलंच हवं असतं.

इंग्रजी आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच शिकवतात, मराठी शाळेतही. आमच्याकडे ते गप्पा, गाणी, खेळ यांतून चालतं, लिहिणं मागाहून. वाद इंग्रजी शिकावं की नाही याचा नाहीच. सहा वर्षांचं मूल पाणी का उकळतं हे कोणत्या भाषेत विचारणार, एवढाच मुद्दा आहे. ज्या भाषेत त्याला प्रश्न पडतो, त्या भाषेत त्याला उत्तर मिळालं पाहिजे. शेजारच्या वस्तीतून आमच्याकडे तिसरीत आलेला एक मुलगा इंग्रजीतलं उत्तर पानभर खाडखाड म्हणायचा. मी विचारलं, "म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "ते नव्हतं शिकवलं."

आता यात एक गोम आहे, आणि ती मराठी शाळांनी मान्य करायला हवी. पुस्तकातली मराठी ही आमच्या निम्म्या मुलांचीही घरची भाषा नाही. सटाणा-मालेगावकडून आलेल्या घरांत अहिराणी चालते, पेठ-सुरगाण्याच्या घरांत कोकणा बोली, आणि कंपन्यांत कामाला आलेल्यांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी. पहिलीत एक मुलगी रडत सांगायची, "मनी पाटी कोठे शे?" आणि वर्ग हसायचा. मग आमच्या ताईंनीच दिवसभर "शे" लावून बोलायला सुरुवात केली. "हजेरी कोठे शे? खडू कोठे शे?" दोन दिवसांत सगळा वर्ग अहिराणी बोलू लागला आणि ती मुलगी त्यांच्या चुका काढू लागली. आता प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर एकेका वस्तूची तीन-चार नावं लिहिलेली असतात. नाव सांगायचं काम मुलांचं आणि ते तपासायचं काम आजीचं. प्रमाण मराठी आम्ही शिकवतोच, पण घरची बोली दारात काढून ठेवायला लावत नाही.

मुलं शिक्षकांना "ताई", "दादा" म्हणतात. मान राहतो का?

मला मात्र "बाई" म्हणतात, वयामुळे असेल. मानाचं म्हणाल तर तो संबोधनावरून ठरत असल्याचं मला दिसलेलं नाही. आमचे दादा आले की पहिलीतली पोरं त्यांच्या पायाला लोंबकळतात आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं की गप्प बसतात.

मूल्यशिक्षणाचा तास कधी असतो? संस्कार काय करता?

वेळापत्रकात आहे, परिपाठाला जोडून. प्रार्थना, राज्यगीत, बातम्या, एक गोष्ट. पण संस्कार त्या तासात होतात असं मला तीस वर्षांत वाटलेलं नाही. "खरे बोलावे" असं दहा वेळा लिहून काढलेला मुलगा अकराव्या ओळीला शेजाऱ्याचं रबर ढापतो. म्हणून विचारलंच आहे तर दिवसभरात काय घडतं ते सांगते.

प्रत्येक वर्गात एक डबा आहे, बिस्किटांचा जुना पत्र्याचा. सापडलेली वस्तू त्यात जाते, आणि ज्याची हरवली त्यानं स्वतः त्यातून घ्यायची. विचारणारं कोणी नाही. सुरुवातीला डबा रिकामाच व्हायचा, नवी पेन्सिल कोणीही उचलायचं. दुसरीच्या मुलांनीच उपाय काढला. घेताना नाव घेऊन सांगायचं, "मी पेन्सिल घेतली," एवढंच. खोटं मोठ्यानं बोलणं अवघड जातं, असं त्यांच्या लक्षात आलं असावं.

झाडलोट सगळे करतात. पाळी लावलेली आहे, मुलगे-मुली दोघांची, शिक्षकांची आणि माझीसुद्धा. त्यावरून एक आजोबा तावातावानं आले होते. "आमच्या पिढ्यांनी झाडू मारला, नातवाला शाळेत घातलं तो झाडू सुटावा म्हणून." त्यांचं बोलणं मला रात्रभर पुरलं. झाडणं सगळ्यांचं काम आहे असं आपण म्हणतो, पण ज्यांच्यावर ते लादलं गेलं त्यांना ते तसं ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावून पाळीचा तक्ता दाखवला. कोणाच्या शेजारी कोणाचं नाव आहे ते त्यांनी बोट ठेवून वाचलं. संडास मात्र मुलांना धुवायला लावायचे नाहीत, हा नियम त्या दिवशी त्यांच्यामुळे झाला.

भांडणं रोज होतात. नळावर, घसरगुंडीवर, "ती माझ्याशी बोलत नाही" यावर. कडुनिंबाखाली एक दगडी बाक आहे, भांडणारे दोघं तिथं बसतात. एकानं आपलं सांगायचं, मग दुसऱ्यानं तेच त्याच्या शब्दांत परत सांगायचं. जमेपर्यंत उठायचं नाही. बहुतेक वेळा परत सांगतानाच हसू येतं. "सॉरी म्हण" असा आग्रह आम्ही धरत नाही. जबरदस्तीचं सॉरी मुलं गुंडासारखं म्हणतात.

आणि जात. ती जनरल रजिस्टरात आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात असते, वर्गात तिचा उच्चार होत नाही. खिचडीच्या पंगतीत कोण कुठे बसणार हे आदल्या दिवशी चिठ्ठ्या काढून ठरतं, त्यामुळे "मी याच्या शेजारी नाही" हा सूर निघत नाही. तिसरी-चौथीची मुलं मार्चच्या सुरुवातीला चालत काळाराम मंदिरापर्यंत जातात. २ मार्च १९३० ला इथंच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटानं चालवला, आणि पाच वर्षं दार उघडलं नाही. हे दाराशी उभं राहूनच सांगतो. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "मग एवढी वर्षं देव आत कोणाशी बोलला?" मला उत्तर सुचलं नाही. तिथल्या फुलवाल्या मावशींनी तिला गुलाब दिला.

मारता का? थोडं मारायला हरकत नाही आमची.

आमची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि "ढ", "बावळट" म्हणणं हा छळच. माझ्या लहानपणी मी उलट्या हातावर पट्टी खाल्ली आहे. त्यामुळे माझं अक्षर सुधारलं नाही, त्या बाईंच्या घरावरून जायचा रस्ता तेवढा बदलला.

जेवणाचं काय? खिचडी चांगली असते का?

आज जे पालक आहेत त्यांच्यातल्या काहींना आठवत असेल, शाळेतून महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, हजेरी ऐंशी टक्के भरली तर. १५ ऑगस्ट १९९५ ला ही मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत असंच होतं. तांदूळ घरी जायचा आणि सगळं घर तो खायचं, ज्याच्या नावावर मिळाला त्याच्या वाट्याला मूठभर. सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की मुलांना शिजवलेलंच अन्न द्या, त्यानंतर शाळाशाळांत चुली पेटल्या. २०२१ पासून योजनेचं नाव पीएम पोषण आहे. वस्तीत अजूनही "खिचडी" हेच नाव चालतं, मग ताटात मटकीची उसळ का असेना.

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. वस्तीतल्या बचत गटाच्या मावश्या शिजवतात. वाढण्याआधी एक शिक्षक आणि एक पालक चव घेतात आणि वहीत लिहितात. वहीत खरं लिहायचं असतं. "मीठ जास्त", "डाळ शिजली नाही", "आज झकास". एक आई सलग आठ दिवस "झकास" लिहीत होती. चौकशी केली तर ती चव न घेताच सही करून कामावर पळत होती. आता तिची पाळी शनिवारी असते.

अंड्याच्या दिवशी जे खात नाहीत त्यांना केळं. त्यावर कोणी कोणाला चिडवायचं नाही, हे मावश्या पळीनं बजावतात.

डब्यात काय द्यावं?

भाकरी, पोळी, भाजी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. नागलीची भाकरी दिलीत तर ती बाकीचे मागून खातात. पुड्यातलं काही नको. वाढदिवसाला केक आणू नका, कारण सगळ्यांना आणता येत नाही. चुरमुरे-फुटाणे वाटले तरी त्या पोराचा दिवस राजासारखा जातो.

गृहपाठ किती देता?

पहिली-दुसरीला काहीच नाही. शाळेच्या दप्तराबद्दलचं २०२० चं राष्ट्रीय धोरणही तेच सांगतं, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला दोन तासांपर्यंत. आम्ही देतो ते असं असतं: आजीला विचारून ये, ती लहान असताना गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, केवढा पूर आला होता. किंवा घरातल्या चपला मोज. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं, म्हणून बहुतेक वह्या वर्गातल्या कपाटातच राहतात. रिकामं दप्तर बघून घाबरू नका.

पहिली संपली तरी नीट वाचत नाही, आकडे उलटे लिहितो. काही दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. आपली लिपी आणि आपले आकडे मुलाच्या नजरेतून एकदा बघा.

"कि" लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. "र" तर बहुरूपीच आहे. "सूर्य" मध्ये डोक्यावर बसतो, "चक्र" मध्ये पायाशी, "ट्रक" मध्ये त्याचे दोन पाय होतात आणि "ताऱ्या"त तो वेगळाच दिसतो. आपल्याला सवय झाली म्हणून सोपं वाटतं. आम्ही बाराखडीचा तक्ता पाठ करून घेत बसत नाही. मुलांच्या तोंडचीच वाक्यं फळ्यावर लिहितो ("काल आमच्या म्हशीला रेडकू झालं") आणि तीच वाचायला लावतो. आपलं वाक्य वाचायला कोणीही कंटाळत नाही. अक्षरं त्यातून सुटी करतो.

आकड्यांचं तर विचारूच नका. "पंचवीस" ऐकताना पाच आधी येतो आणि वीस मागून, म्हणून मूल ५२ लिहितं. त्यानं ऐकलं तसंच लिहिलं! "एकोणतीस" मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचा दोन. ७९ ला एकोणऐंशी, ८९ ला एकोणनव्वद, मग ९९ ला एकोणशंभर का नाही, हे मला चौथीतल्या मुलानं विचारलं तेव्हा मी खडू खाली ठेवला. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात "वीस एक", "वीस दोन" असं वाचायची पद्धतही आणली, तेव्हा महाराष्ट्रभर खूप थट्टा झाली. मला ती थट्टा पटली नाही. आम्ही दोन्ही वापरतो. आधी "वीस पाच", हाताशी काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या, आणि पक्कं झालं की "पंचवीस". आजोबांसमोर "पंचवीस"च म्हणायचं, हे मुलांना कळतं.

उलटही घडतं. मार्केटमध्ये आईशेजारी बसणारी मुलं तोंडी हिशेबात मला हरवतात. बारा रुपयांना मेथीची एक जुडी, सात जुड्यांचे किती, शंभराची नोट दिली तर परत किती, हे डोळे मिटून सांगतात, आणि वहीत १०० वजा ८४ मांडलं की गोंधळतात. त्यांना गणित येत नाही असं शेरा-वहीत लिहायचं धाडस मी करत नाही. म्हणून महिन्यातून एकदा अंगणात बाजार भरतो. खरी भाजी, खरे पैसे, आणि विकणाऱ्यानं पावती लिहून द्यायचीच.

तरीही दुसरीच्या दिवाळीपर्यंत साधी वाक्यं जमली नाहीत, तर आम्ही पालकांना बोलावतो. आधी डोळे आणि कान तपासून घेतो. दोनदा असं झालं की मुलाला फळाच दिसत नव्हता.

पहिला नंबर कोणाचा ते सांगत नाही म्हणे?

नाही सांगत. प्रगतिपुस्तकात श्रेणी आणि दोन-चार ओळी असतात. त्या ओळी वाचा, त्यांना आम्हाला वेळ लागतो.

पावसात शाळा सुरू असते का?

साध्या पावसात असते. छत्री नको, रेनकोट किंवा इरलं द्या, छत्र्यांच्या तलवारी होतात. गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर मात्र चित्र बदलतं. बातम्या लावण्याआधी नाशिककर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, आणि आमचंही मोजमाप तेच. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की नदीपलीकडून येणाऱ्या मुलांना आम्ही घरीच थांबायला सांगतो. २००८ च्या आणि २०१९ च्या पुराच्या गोष्टी मुलं घरून ऐकून येतात आणि दर वर्षी पाणी एक हात वाढवून सांगतात. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटीकडचे रस्ते बंद असतील, त्या सुट्ट्यांची भरपाई शनिवारी करू.

दिवाळीनंतर वर्गात नवी मुलं येतात आणि एप्रिलमध्ये गायब होतात. त्यांच्यामुळे आमच्या मुलांचा अभ्यास मागे राहतो का?

हा प्रश्न मला आवडत नाही, पण तो विचारला जातो. ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागांची छाटणी होते, मग विरळणी, मग जानेवारीपासून काढणी. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची कुटुंबं या कामाला येतात, पेठ नाक्यावर सकाळी उभी राहतात, आणि मुलं बरोबर असतात. ती मुलं आमच्याकडे बसतात. कायद्यानं वर्षभरात केव्हाही प्रवेश देता येतो. त्यांच्या मूळ शाळेशी फोनवर बोलतो, आणि जाताना काय शिकून झालं ते लिहिलेलं हमीपत्रक हातात देतो, म्हणजे गावच्या गुरुजींना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

अभ्यास मागे राहत नाही. पाच महिन्यांत या मुलांकडून आमच्या मुलांना काय मिळतं ते ऐका: कुठला पाला खाता येतो, खेकडा कसा धरायचा, आणि वारली चित्रातला माणूस दोन त्रिकोणांत कसा उभा राहतो. गेल्या वर्षी गॅदरिंगला तारपा वाजला, तो वाजवणारा मुलगा गॅदरिंगनंतर आठ दिवसांत परत गेला. त्याची हजेरी वहीतली ओळ अजून आम्ही कापलेली नाही, दिवाळीनंतर येईल.

सहल कुठे नेता?

जवळच. पहिली-दुसरी सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत. तिसरी पांडवलेणीला, चोवीस लेणी आहेत, मुलं पंचवीस मोजून येतात. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक. चौथी हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते हेच. दुर्बिणी आमच्याकडे दोनच आहेत. उरलेल्या मुलांनी पुठ्ठ्याच्या नळ्या केल्या होत्या आणि शपथेवर सांगितलं की जवळचं दिसतं.

कोणकोणते सण साजरे करता?

जे वस्तीत होतात ते सगळे. भोंडला, ईदचा शीरखुर्मा, आंबेडकर जयंती, नाताळ. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, त्या दिवशी शाळेची घंटा आया वाजवतात. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. ते आपल्याच गावचे, म्हणून मुलांना ते शेजारचे आजोबा वाटतात. रंगपंचमीला सुट्टी, कारण जुन्या नाशकातल्या रहाडींत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदांत, उड्या मारायला अर्धी शाळा आदल्या दिवसापासूनच मनानं गेलेली असते.

व्हॉट्सॲप ग्रुप आहे का?

आहे. सूचनांसाठी. फुलांचे फोटो आणि सुप्रभात टाकू नका. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी तीच सूचना फाटकावरच्या फळ्यावर असते, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त वाचली जाते.

चौथीनंतर काय?

जवळच्या दोन-तीन शाळांत पाचवी आहे. दाखले आम्ही एकत्र तयार करतो आणि मुलांना एक दिवस त्या शाळांत नेऊन आणतो. गेलेली मुलं वर्षभर मधल्या सुट्टीत इकडे डोकावत राहतात, त्यांना हाकलू नका असं शिपाईमामांना सांगून ठेवलं आहे.

आम्हाला लिहिता-वाचता येत नाही. शाळेला आमचा काय उपयोग?

एका आईनं चौथीला गोधडी शिवायला शिकवली, त्यात भूमितीचा निम्मा धडा झाला. एका मिस्त्रीनं ओळंबा आणून सरळ रेषा म्हणजे काय ते दाखवलं, ते मला वीस वर्षांत तसं दाखवता आलं नव्हतं. गोष्ट सांगणारी आजी तर आम्हाला कायमच हवी आहे. शुक्रवारी शेवटच्या तासाला या, पान-तंबाखू घरी ठेवून.

शाळा बघायला कधी येऊ?

कोणत्याही दिवशी, परिपाठ झाल्यावर. आधी सांगून येण्याची गरज नाही. मधल्या सुट्टीत आलात तर आवाजानं डोकं उठेल, पण शाळा खरी तेव्हाच दिसते. चपला पायरीशेजारी जोडीनं लावा. पहिलीची मुलं रोज त्या दोन-दोननं मोजतात, आणि एखादी जास्त निघाली की कोण आलंय ते शोधत सगळ्या वर्गांतून फिरतात.